फक्कीवरचे मोहोळ

फक्कीलाही स्वतःचा वास असतो, हे मी इतक्या वर्षांत पार विसरून गेले होते. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकले तेव्हा तो वास आधी आला, मैदान नंतर दिसले. थोडा चुन्याचा, थोडा नुकत्याच पुसलेल्या पाटीचा, आणि त्याखाली दवाने भिजलेल्या तांबड्या मातीचा. खो-खोचे मैदान आखणारी एक तरुण शिक्षिका पत्र्याच्या डब्यातून पांढरी रेघ सोडत चालली होती. नदीपलीकडच्या गुऱ्हाळांतून कढत्या रसाचा गोड, जळका वास येत होता. तो त्या रेघेला येऊन मिळाला, आणि नव्वदच्या दशकातली एक हिवाळी सकाळ माझ्यासमोर जशीच्या तशी उभी राहिली.

मी वेळेआधी पोहोचले होते. सुनंदा आणि मंगल, माझ्या दोघी वर्गमैत्रिणी, शिरगुप्पेबाईंना रिक्षातून घेऊन यायच्या होत्या. शिरगुप्पेबाई म्हणजे आमच्या गणिताच्या बाई. निवृत्तीनंतर त्यांनी घराबाहेर पडणे हळूहळू सोडून दिले होते. अलीकडे तर खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीतून, कुणी दोन्ही हात धरल्याशिवाय, त्या उठतही नसत.

"डॉक्टर म्हणतोय गुडघ्यात कायबी न्हाय," मंगलने फोनवर सांगितले होते. "मनच बसलंय त्यांचं. तू ये. मी हलगी घेऊन येतो."

आमच्याकडे मुलीही 'येतो' आणि 'जातो' असेच म्हणतात. बाहेरगावी राहून माझ्या जिभेवरून ते पुसले गेले होते. फोन ठेवल्यावर मी ते एक क्रियापद स्वतःशीच म्हणून पाहिले. हलगी कशाला, हे मी विचारले नाही. मला ते कळले होते.

*

शनिवारच्या सकाळच्या शाळेचा शेवटचा तास बाईंचा असे. वेळापत्रकात त्याला गणित मंडळ म्हणत. त्या तासाला गुण नव्हते, परीक्षा नव्हती, फळ्यावर तारीखही नसे. बाई सूर्यफुलाचे वाळलेले तबक घेऊन येत आणि त्यातल्या बियांची वळणे आमच्या बोटांना दाखवीत. मधमाश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्याचा तुकडा आणत. तो नाकाशी धरला की मेणाचा आणि कुठल्याशा रानफुलाचा जुना वास येई. मी कवितेतली मुलगी. गणिताशी माझे नाते दूरच्या सोयऱ्यासारखे, लग्नकार्यापुरते. पण त्या तासाला वाटे की आकड्यांनाही यमक असते, फक्त ते ऐकायला कान वेगळे लागतात.

बाई मूळच्या नेसरीकडच्या. इरकली साडी, कपाळावर विभूतीची फिकट रेघ, आणि मराठी बोलता बोलता मोजायची वेळ आली की एक-दोन-तीनच्या जागी ओठांवर नकळत येणारी कानडी. ओंदु, येरडु, मूरु. भाषा कोणतीही बोलावी, मोजावे मात्र आईच्या भाषेत, असे काहीसे त्यांच्या ओठांचे म्हणणे असावे.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्या बेळगावला भाच्याकडे जाऊन आल्या त्या डोळ्यांत काहीतरी घेऊनच. भाच्याच्या संगणकावर त्यांनी एक खेळ पाहिला होता. काळ्या पडद्यावर चौकटींची जाळी, काही चौकटी उजळलेल्या, काही विझलेल्या. खेळणारा कुणीच नाही. एक नियम सांगून सोडून द्यायचे, मग चौकटी आपापसांत उजळत आणि विझत राहतात. विलायतेतल्या कुणा गणितज्ञाने तो रचला होता आणि त्याला 'जीवन' असे नाव दिले होते.

"बाई, आपल्याकडं कुठं हाय संगणक?" सुनंदाने विचारले. सुनंदा उचगावची, वडील फाउंड्रीत कामाला, आणि ती रोज त्यांच्या उंच सायकलवरून, परकर सावरत, शाळेला येई.

"संगणक नाही म्हणून काय झालं?" बाई म्हणाल्या. "मुली आहेत की."

*

नियम ऐकायला पोरखेळ वाटावा इतका लहान होता. प्रत्येक मुलीचे एक घर, म्हणजे फक्कीने आखलेला एक चौकोन. तिच्या भोवती आठ शेजारणी: पुढे, मागे, दोन्ही हातांना आणि चारही कोपऱ्यांना. तू उभी असशील आणि शेजारणींपैकी दोघी किंवा तिघी उभ्या असतील, तर उभीच राहा. त्याहून कमी असतील तर एकटेपणाने बस. जास्त असतील तर गर्दीने बस. आणि तू बसलेली असशील, तर भोवती बरोबर तिघी उभ्या दिसल्या की ऊठ. इतकेच.

पण सगळ्यांनी एकाच क्षणी बदलायला हवे होते. एक जरी आधी बसली, तरी शेजारणीचा हिशेब चुकत असे. तिथे मंगल उपयोगी आली. तिचे चुलते वरातींत आणि कुस्तीच्या आखाड्यात हलगी वाजवीत. त्यांची एक जुनी हलगी ती शाळेत घेऊन आली. जुने वर्तमानपत्र पेटवून ती कातडे शेकत असे. जळक्या कागदाचा, तापल्या कातड्याचा तो वास आणि मग थंड हवेला चिरून जाणारी पहिली कडकड. कडकडीला मोजायचे, तिच्यामागून येणाऱ्या थापेला उठायचे किंवा बसायचे. कडकड, थाप. कडकड, थाप. सगळे मैदान एकदाच श्वास घेई आणि एकदाच सोडी.

बाईंची एक ताकीद होती. काही पाठ करायचे नाही. पुढे काय होणार ते कुणी कुणाला सांगायचे नाही. फक्त शेजार बघायचा.

"आनि सोताला धरायचं का मोजताना?" कुणीतरी विचारी.

"स्वतःला सोडून," बाई म्हणत. "स्वतःला मोजणारी मुलगी कायम चुकते."

त्या आकृत्यांना आम्ही आमची नावे दिली. तिघी एका रेघेत उभ्या राहिल्या की पुढच्या थापेला आडव्याच्या उभ्या होत, मग पुन्हा आडव्या. मधली तेवढी हलत नसे. ती फुगडी. पण मला वेड लावले ते न हलणाऱ्या आकृत्यांनी. तिघी काटकोनात उभ्या राहिल्या, म्हणजे एक कोपऱ्यात, एक तिच्या शेजारी आणि एक तिच्या मागे, की चौकोनाचा चौथा कोपरा राही. तिथे बसलेली मुलगी बाईंच्याच आकड्यांत मोजे: ओंदु, येरडु, मूरु. आणि थापेसरशी उठे. आता चौघी झाल्या, प्रत्येकीच्या भोवती बरोबर तिघी. मग मंगलने कितीही वाजवावे, त्या चौघी हलत नसत. त्याला आम्ही पाट म्हणत असू. कुणीही येऊन खुशाल टेकावे असा, चारही पायांवर पक्का.

दुसरे होते मोहोळ. एका ओळीत चौघी उभ्या राहायच्या. एका थापेत ओळ रुंदावे, दुसऱ्या थापेत मधल्या दोघी बसत आणि कडेने सहा जणींचे लांबट षटकोनी कडे उरे. मग तेही तसेच राही.

स्थिर म्हणजे थिजलेले, असे मला तोवर वाटत असे. मैदानावर उभी राहिल्यावर कळले की स्थिर आकृतीतली मुलगी सर्वांत जास्त जागी असते. प्रत्येक कडकडीला ती पुन्हा मोजते, आणि प्रत्येक थापेला पुन्हा उभे राहायचे ठरवते.

*

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात लेझीमऐवजी हाच खेळ दाखवायचा, असे बाईंनी ठरवले. आठवी ते दहावीच्या दोनशेहून अधिक मुली, पंधरा ओळी, प्रत्येक ओळीत पंधरा. सुरुवातीला मधोमध फक्त सात जणी एका ओळीत उभ्या राहणार. बाकी सगळे मैदान बसलेले. सुनंदा त्या ओळीतली शेवटची, सातवी.

"म्हंजे मी उठायचं आनि पयल्याच थापंला बसायचं?" तिने पहिल्याच दिवशी हिशेब करून टाकला. "तेच्यापरीस मी लेझीम खेळतो की."

"तू नसलीस तर सहाच उरतात," बाई म्हणाल्या. "आणि सहा जणींपासून सुरू केलं तर शेवटी सगळं मैदान बसतं. एकही उभी राहत नाही. बसशील, पण दुसऱ्या थापेला पुन्हा उठशील. तीन जणी उठवतील तुला."

सरावाच्या चौथ्या की पाचव्या सकाळी घोटाळा झाला, आणि तो आमच्या शाळेतच होऊ शकला असता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सराव बघायला मैदानात आल्या. आता, मोठ्या बाई दिसल्या की उठून उभे राहायचे, हे आमच्या हाडांत भिनलेले होते. वर्गात, व्हरांड्यात, डबा खाताना तोंडात घास असला तरीही. कडकड झाली आणि त्याच क्षणी त्या लिंबाच्या झाडाआडून पुढे आल्या. एकजात सगळे मैदान ताडकन उभे राहिले.

मंगलचा हात थांबला नाही. थाप पडली. प्रत्येकीच्या भोवती उभ्या शेजारणींची गर्दी. नियमाने सगळ्या बसल्या. मोठ्या बाईंच्या डोळ्यांदेखत, त्यांनी बसा म्हणायच्या आत. चार कोपऱ्यांवरच्या चौघी तेवढ्या उभ्या राहिल्या, आणि पुढच्या थापेला, एकट्या पडल्यामुळे, त्याही बसल्या.

पलीकडच्या रस्त्यावरून उसाची गाडी चालली होती; तिच्या बैलांची घुंगरे आम्हाला एकेक मोजता आली असती.

"शिरगुप्पेबाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "या का बसल्या? मी बसा म्हणाले होते?"

"नियमानं बसल्या, बाई."

"कोणत्या नियमानं?"

"भोवती फार गर्दी झाली की बसायचं, असा नियम आहे."

"म्हणजे गर्दी मी केली?"

मागच्या रांगेत कुणाला तरी हसू आवरले नाही. सुनंदानेच असावे. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना शिस्त दिसायला हवी असे, आणि जी दिसत नाही ती शिस्त त्यांना ठाऊक नव्हती.

"हे असलं संमेलनात झालं," त्या म्हणाल्या, "तर पाहुण्यांसमोर शाळेची शोभा होईल. तुमचा आग्रह आहे म्हणून नाही म्हणत नाही. पण तिथं फसलं, तर शनिवारचा तो तास मी शिवणाला देणार. सुया-दोऱ्यातून निदान काही हाताला लागतं."

बाईंनी मान डोलावली. आम्ही त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होत्या. त्या तासाखेरीज शाळेत त्यांचे स्वतःचे असे काही नव्हते, हे आम्हाला कुणी सांगावे लागले नाही. आणि आमचे तरी कुठे काय होते? सूर्यफुलाची वळणे, मेणाचा वास, आणि गुणांशिवाय विचार करण्याची आठवड्यातून एकदाच मिळणारी ती मोकळीक.

*

संमेलनाच्या सकाळी मैदान इतके पांढरे आखले होते की त्यावर पाऊल टाकवत नव्हते. खोबरेल तेल, नव्या रिबिनी, कुणाच्या तरी केसांतली अबोली, आणि मंडपाच्या कापडाला येणारा तो साठवणीचा, कोंदट वास. कडेला खुर्च्यांवर आयाबाया आणि वडीलमंडळी. पाहुणे यायचे होते. बराच वेळ वाट पाहून मोठ्या बाईंनी सुरू करायची खूण केली.

मंगलने कातडे शेकले. ओळीतल्या सात जणी उठल्या. कडकड, थाप.

ओळ फुगली आणि भरगच्च आयत झाला, सुनंदा बसली. कडकड, थाप. आतल्या सगळ्या बसल्या, आयताचे कडे झाले, आणि त्या कड्याच्या टोकावर सुनंदा पुन्हा उभी, हनुवटी वर करून.

"काय चूक केल्यात ह्या पोरी?" तिच्या वडिलांचा आवाज खुर्च्यांतून आला. "उठाबशा कशाला काढाय लावल्यात?"

"गप बसा की वो," तिची आई म्हणाली. "कायतरी उमलायलंय बघा तिथं."

उमलतच होते. कडे फुटत होते, पुन्हा जुळत होते, चारही दिशांना सारखेच पसरत होते. मी अजून बसलेली होते. माझ्या घरापर्यंत लाट पोहोचायची होती. आणि नेमक्या त्या वेळी फाटकातून मोटार आत आली. पाहुणे.

मंडप उठला. खुर्च्या सरकल्या, आया उभ्या राहिल्या, शिक्षक उभे राहिले, मोठ्या बाई हार घेऊन पुढे निघाल्या. आणि मैदानात बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या पोटऱ्यांत ती जुनी सवय जागी झाली. मला आजही आठवते, माझे दोन्ही तळवे जमिनीला टेकले होते, अंग वर ढकलण्यासाठी. कोपऱ्यात कुणाची तरी टाच उचललेली दिसली. एक उठली असती तर सगळे मैदान उठले असते, आणि पुढच्या थापेला शनिवारचा तास गेला असता.

शिरगुप्पेबाई कडेला उभ्या होत्या. त्यांना ओरडता येत नव्हते. पाहुण्यांच्या स्वागताचा बँड सुरू झाला होता. तापाने न आलेल्या एका मुलीचे घर आमच्या जाळीच्या टोकाला रिकामे होते. बाई चार पावले चालल्या, त्या घरात शिरल्या, आणि सगळा मंडप पाहुण्यांसाठी उभा असताना, कडक घडीच्या इरकलीसकट, फक्कीवर मांडी घालून बसल्या.

ते आम्ही सगळ्यांनी पाहिले. उचललेली टाच खाली टेकली. माझे तळवे सैल झाले. मंगलने पाहुण्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. कडकड.

मी माझा शेजार मोजला. एक, दोन, तीन. थापेसरशी मी उठले. त्यानंतरचे ठेके मला आठवतात ते केवळ अंगाने: थंडीत तापलेले कान, घोट्यांवर चढलेली पांढरी भुकटी, शेजारणीच्या श्वासाची वाफ. मी बसले, पुन्हा उठले. आणि मग एका थापेला काहीच हलले नाही. पुन्हा कडकड, पुन्हा थाप. काही नाही. मी मोजले: शेजारी एक, तिरकी एक. दोघी. उभीच राहायचे. मान न वळवता डोळे फिरवले, आणि दिसले. मैदानाच्या चारही बाजूंना चार मोहोळे. प्रत्येकात सहा जणी. मंगल वाजवत होती, जोरात, आणखी जोरात, आणि आम्ही हलत नव्हतो.

"अडकलं काय?" पाहुण्यांनी हार गळ्यात तसाच ठेवून विचारले.

मोठ्या बाई जाळीच्या अगदी कडेपर्यंत चालत आल्या. त्यांनी एक मोहोळ निरखले, मग दुसरे, मग उरलेली दोन. शिट्टी नव्हती, हुकूम नव्हता, कुणी कुणाला खुणावले नव्हते. मला वाटते, न दिसणारी शिस्त त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा दिसली.

"अडकलं नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "जुळलं."

मग टाळ्या सुरू झाल्या त्या सुनंदाच्या वडिलांकडून. फाउंड्रीतले हात ते. मैदान दणाणून गेले. गर्दी पांगताना मोठ्या बाई शिरगुप्पेबाईंजवळून गेल्या आणि त्यांच्या साडीवरची फक्की पाहून म्हणाल्या, "शनिवारचा तास तुमचाच. पण पुढल्या वर्षी पाहुणे आल्यावर सुरू करा."

*

रिक्षा फाटकाशी थांबली. सुनंदा आधी उतरली; आता उचगावात तिची स्वतःची फाउंड्री आहे आणि चालण्यात हुबेहूब वडिलांची ढब. मग हलगी खांद्याला अडकवलेली मंगल. तिचे पथक लग्नसराईत एक दिवस रिकामे नसते. दोघींनी मिळून बाईंना उतरवले, कार्यालयातून आणलेल्या खुर्चीवर मैदानात बसवले. बाई लहान झाल्या होत्या. विभूतीची रेघ तेवढी तीच होती.

"कशाला आणलंत गं मला," त्या म्हणाल्या. "बघायचं काय राहिलंय आता."

मी त्या तरुण शिक्षिकेकडून फक्कीचा डबा मागून घेतला. बाईंच्या खुर्चीभोवती एक चौकोन आखला. मग त्याला लागून तीन. सवय नसल्यामुळे रेघा वाकड्या आल्या. समोरच्या घरात मी उभी राहिले, शेजारच्या घरात सुनंदा, तिरक्या घरात मंगल. चौथ्या घरात बाई, खुर्चीत बसलेल्या.

मंगलने वर्तमानपत्र पेटवून हलगी शेकली. तो वास आला आणि बाईंनी मान वर केली. त्यांनी खालच्या रेघा पाहिल्या. मग आम्हाला, एकेकीला.

"लबाड आहात," त्या म्हणाल्या.

"नियम हाय, बाई," सुनंदा म्हणाली. "आमी केलेला न्हाय."

कडकड.

बाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ते तीन शब्द मी कुठेही ओळखले असते. ओंदु. येरडु. मूरु.

थाप.

खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले. क्षणभर काहीच झाले नाही. दुसऱ्या कुठल्याही खेळात आम्ही तिघी धावलो असतो. पण आपापली घरे सोडायची नव्हती. बाईंची कोपरे ताठ झाली, इरकलीच्या निऱ्या सुटून खाली आल्या, आणि त्या उठल्या. कुणाचाही हात न धरता. पूर्ण उंचीपर्यंत.

मंगलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि तिचा ठेका तसूभर चुकत नव्हता. पुन्हा कडकड. बाईंनी मोजले, मी मोजले, सुनंदाने बोटांवर मोजले. प्रत्येकीच्या भोवती बरोबर तिघी. थाप. कुणीच हलले नाही. मैदान आखणारी ती तरुण शिक्षिका रिकाम्या हातांनी आमच्याकडे बघत राहिली होती.

"बाई," सुनंदा म्हणाली, "आता किती येळ उभं ऱ्हायाचं?"

"हलगी थांबेपर्यंत," बाई म्हणाल्या.

मंगल वाजवतच राहिली.